न चाललेल्या पावलांची नोंद

सोमवारी सकाळी वॉर्डात शिरले तेव्हा आजी छताकडे बघत पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं म्हणून गुरुवारी त्यांचं ऑपरेशन झालं होतं. शुक्रवारी आमच्या फिजिओथेरपिस्ट मॅडम आणि मी, दोघींनी मिळून त्यांना वॉकर धरून उभं केलं. सहा पावलं टाकून त्या खुर्चीत बसल्या आणि दम घेत म्हणाल्या, "म्हणजे मी चालणार तर." सोमवारी त्याच आजींना पलंगाच्या कडेला बसवलं तर त्यांना तोल सांभाळता येईना. दोन्ही हातांनी माझा दंड घट्ट धरून त्या एवढंच म्हणत होत्या, "नको गं बाई, झोपव मला."

मी औषधांचा तक्ता उघडला. शनिवार-रविवारचा प्रत्येक चौकोन भरलेला होता. रविवारी सकाळची रक्तदाबाची गोळी दिली नव्हती, तर तिथे गोल करून कारण लिहिलं होतं: दाब कमी, डॉक्टरांना कळवलं. मग मॅडमनी शुक्रवारी लिहिलेली ओळ वाचली: 'दिवसातून दोनदा वॉकरने चालवणे, जेवताना खुर्चीत बसवणे.' दोन दिवसांत चार वेळा चालायचं राहून गेलं होतं, आणि ते राहिलं हे सांगणारा एक शब्दही फाइलमध्ये कुठे नव्हता. दोन्ही दिवसांच्या पानावर 'रुग्ण स्थिर' एवढंच लिहिलेलं होतं.

मी फिजिओथेरपी असिस्टंट आहे, वॉर्डात काम करते. चालवणं हा उपचार आहे असं आता सगळेच म्हणतात. तो उपचार असेल तर तो चुकला की त्याची नोंद गोळी चुकल्यासारखीच व्हायला हवी: त्याच तक्त्यावर, त्याच दिवशी, कारणासकट. आणि ती नोंद करण्याचा अधिकार ज्याच्या हातून हा उपचार दिला जातो त्याला, म्हणजे असिस्टंटला, हवा. मागणी किरकोळ वाटेल. पण ती मान्य केली तर वॉर्डातली माणसं, वेळा आणि जबाबदाऱ्या नव्याने मांडाव्या लागतात, आणि माझ्या मते म्हणूनच ती मान्य होत नाही.

पडून राहण्याने काय होतं हे काही कालपरवा कळलेलं नाही. रिचर्ड अॅशर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९४७ सालीच अंथरुणात पडून राहण्याच्या धोक्यांबद्दल आपल्या व्यवसायबंधूंना सावध केलं होतं. १९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवून त्यांची शारीरिक क्षमता मोजली गेली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा बोलावून तपासलं, तेव्हा दिसलं की तीन आठवड्यांच्या अंथरुणाने त्यांची क्षमता जितकी खाली आणली होती, तितकी तीस वर्षांच्या वयानेही आणली नव्हती. हे तरुणांचं झालं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्ध माणसं फक्त दहा दिवस अंथरुणात राहिली आणि त्यांच्या पायांतलं सुमारे एक किलो मांस झडलं. त्यांना आजार नव्हता, ऑपरेशन नव्हतं, ताप नव्हता. पोटात अन्नही नीट जात होतं. वॉर्डातल्या माणसाला यातलं काहीच लागू नसतं. तो दुखण्याने बेजार असतो, दोन घास खाऊन ताट बाजूला सारतो, आणि त्यात पडून राहतो.

तो किती पडून राहतो, हेही मोजलं गेलं आहे. अमेरिकेतल्या एका रुग्णालयात ४५ वृद्ध माजी सैनिकांच्या पायांना हालचाल टिपणारी यंत्रं बांधून ठेवली होती. दाखल होण्याच्या दोन आठवडे आधी हे सगळे आपल्या पायांनी चालत होते. २००९ साली त्याचे निष्कर्ष आले: त्यांचा ८३ टक्के वेळ पलंगावर पडून गेला, आणि उभं राहणं नि चालणं मिळून दिवसाला साधारण ४३ मिनिटं. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला नवल वाटलं नाही. उलट आमच्या वॉर्डात यंत्रं बांधली तर काय दिसेल, या विचाराने पोटात गोळा आला.

"चालवायला काय लागतं? नातेवाईक चालवतील की." हे वाक्य मी डॉक्टरांकडून, व्यवस्थापनाकडून आणि खुद्द रुग्णांकडूनही ऐकलेलं आहे. म्हणून ते 'चालवणं' म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगते.

पलंगाजवळ जाण्याआधी मी फाइल वाचते. या पायावर किती भार टाकायला परवानगी आहे? पूर्ण, अर्धा, की नुसता अंगठा टेकवायचा? वेदनाशामक कधी दिलंय? दिलंच नसेल तर सिस्टरना सांगून ते द्यायला लावते आणि अर्ध्या तासाने परत येते, कारण दुखऱ्या पायावर जबरदस्तीने उभं केलेला माणूस दुसऱ्या दिवशी मला पाहूनच डोळे मिटून घेतो. मग नळ्या. सलाईनचा स्टँड ज्या बाजूने उतरायचं त्या बाजूला आणायचा. लघवीची पिशवी कठड्यावरून सोडवून घ्यायची, पण मूत्राशयाच्या पातळीपेक्षा वर उचलायची नाही. जखमेतलं पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी कशात अडकलेली नाही ना, ते पाहायचं. पायांत नुसते मोजे असतील तर उभं करायचं नाही. पलंगाचे ब्रेक स्वतः तपासायचे. दुसऱ्याने लावले असतील यावर भरवसा नाही. खुर्ची आधीच जागेवर ठेवायची.

मग माणसाला कुशीवर वळवायचं, पाय खाली सोडायचे, कोपरावर जोर देऊन त्याचं त्याला उठू द्यायचं. इथे हात आवरणं सगळ्यात कठीण. मी ओढून उठवलं तर दोन सेकंदांचं काम, पण त्यात त्याने काहीच केलेलं नसतं. पलंगाच्या कडेला बसला की लगेच उभं करायचं नाही. घोटे वर-खाली करायला लावायचे, आणि बोलतं ठेवायचं. पडून राहिलेल्या शरीराला अचानक उभं राहिल्यावर रक्तदाब सांभाळणं जमत नाही. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा दाब २० ने उतरला तर तो धोक्याचा इशारा धरतात. पण आकडा हाती येण्याआधी माणूस सांगत असतो. उत्तरं तुटक होतात, नजर एका जागी थिजते, ओठांचा रंग उतरतो. तेव्हा हळूच परत आडवं करायचं.

सगळं ठीक असेल तर उभं करायचं. पलंग अशा उंचीवर की तळपाय जमिनीला पूर्ण टेकलेले, गुडघे नितंबांपेक्षा थोडे खाली. माझा हात त्याच्या कमरेच्या पट्ट्यावर. बखोटीला धरून माणसाला उठवू नये, आणि पक्षाघाताच्या रुग्णाला तर कधीच नाही. त्याचा लुळा हात धरून ओढला तर खांद्याचा सांधा सरकतो, आणि ते दुखणं त्याला महिनोन्महिने पुरतं. मायेच्या माणसांनी, केवळ मदत करण्याच्या हेतूने, असे खांदे दुखावलेले मी पाहिले आहेत. त्यांचा दोष नाही. त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं.

पाच-सहा पावलं, परत, खुर्ची. बेल हाताशी, चष्मा डोळ्यांवर, पाणी जवळ. असे एका रुग्णाला पंचवीस-तीस मिनिटं लागतात, त्यातलं प्रत्यक्ष चालणं दोन मिनिटांचं.

म्हणून 'कुणीही करू शकेल' हे म्हणणं मला अर्धंच मान्य आहे. शिकवलं तर बरेच जण करू शकतील, हे खरं. १९९९ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या डॉक्टर शॅरन इनूये आणि सहकाऱ्यांनी सत्तरी ओलांडलेल्या ८५२ रुग्णांवरचं काम प्रसिद्ध केलं. रुग्णांना वेळेवर चालवणं, चष्मा-श्रवणयंत्र देणं, पाणी पाजणं, रात्रीची झोप जपणं, असे साधे उपाय ठरवून केले. त्यात प्रशिक्षित स्वयंसेवकांचा मोठा वाटा होता. रुग्णालयात भ्रम होण्याचं, म्हणजे माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागण्याचं प्रमाण नेहमीच्या वॉर्डात १५ टक्के होतं, ते या वॉर्डात ९.९ टक्क्यांवर आलं. पण हे काम 'जमलं तर करा' असं वाऱ्यावर सोडलेलं नव्हतं. कोणी कोणाला काय द्यायचं हे ठरलेलं होतं आणि ते दिलं गेलं की नाही याची रोजच्या रोज नोंद होत होती. यश साध्या उपायांचं होतं तितकंच त्या नोंदीचंही होतं, असं माझं ठाम मत आहे.

याच्या उलट बाजूचा एक आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो. चालवणं नेहमी हिताचंच असतं का? नाही. २०१५ साली पक्षाघाताच्या २,१०४ रुग्णांवरच्या 'अॅव्हर्ट' या चाचणीचे निकाल आले. झटका आल्यापासून चोवीस तासांच्या आत, जास्त वेळा आणि जास्त वेळ उठवलेल्या रुग्णांची स्थिती तीन महिन्यांनी नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्या रुग्णांपेक्षा किंचित वाईटच निघाली. अतिदक्षता विभागातही मात्रा वाढवल्यावर तसंच. २००९ सालच्या १०४ रुग्णांच्या चाचणीत, व्हेंटिलेटरवर असतानाच लवकर हालचाल सुरू केलेल्यांपैकी ५९ टक्के रुग्ण घरी जाईतो आपलं आपण सगळं करू लागले होते, दुसऱ्या गटात ३५ टक्के. २०२२ साली ७५० रुग्णांवर हालचाल आणखी वाढवून पाहिली, तेव्हा फायदा दिसला नाही आणि त्रासदायक घटना मात्र वाढल्या.

हे निकाल दाखवून काही जण म्हणतात, मग कशाला एवढा आटापिटा? मला ते नेमके उलटे वाचावेसे वाटतात. ज्या गोष्टीने कमी दिल्यावर नुकसान होतं आणि जास्त दिल्यावरही होतं, तिला आपण औषध म्हणतो. अॅव्हर्टच्या आकड्यांचा नंतर बारकाईने अभ्यास झाला तेव्हा दिसलं की थोडा-थोडा वेळ पण अधिक वेळा उठवणं बरं, एका दमात खूप वेळ नाही. आता हे वॉर्डात कसं पाळायचं, जर काल किती वेळा उठवलं हेच कुठे लिहिलेलं नसेल? मात्रा महत्त्वाची आहे हे एकदा मान्य केलं की दिलेल्या आणि हुकलेल्या, दोन्ही मात्रांचा हिशेब ठेवणं ओघानेच येतं.

मग तो ठेवला का जात नाही? मला दिसलेलं कारण सांगते. रुग्णालयात तोल जाऊन पडलेल्या रुग्णाचा कागद होतो. अहवाल, सह्या, चौकशी, नातेवाइकांना उत्तर. न चाललेल्या रुग्णाचा कागद होत नाही. रात्रपाळीच्या एकट्या सिस्टरच्या जागी उभं राहून पाहा: आजोबा उठू म्हणतात, सोबत दुसरं कुणी नाही. उठवलं आणि पडले तर जबाब तिला द्यायचा. "झोपा आजोबा, सकाळी बघू" म्हटलं तर कुणीच काही विचारणार नाही. मी तिला दोष देणार नाही. ज्या व्यवस्थेत एकाच बाजूची चूक मोजली जाते, तिथे सगळी माणसं दुसऱ्या बाजूला झुकतात. रुग्ण उठू लागताच वाजणारी धोक्याची घंटा पलंगाला लावून पाहिली गेली आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत, २०१२ साली निकाल आलेल्या, घंटांचा वापर वाढला पण पडणं कमी झालं नाही. आणि पडून पडून पाय गेलेला माणूसच घरी गेल्यावर स्वच्छतागृहाच्या दारात कोसळतो. ते पडणं रुग्णालयाच्या वहीत येत नाही.

आता त्या एका शब्दाबद्दल लिहायलाच हवं, कारण माझ्या कामातला सगळ्यात मोठा अन्याय त्या शब्दाआड लपतो. 'नकार.' चालवायचं राहिलं आणि काहीतरी लिहायचंच असेल, तर बहुतेक ठिकाणी एक तयार वाक्य असतं: 'रुग्णाने नकार दिला.' मीही ते लिहिलं आहे, अनेकदा. पण नकार देणाऱ्यांजवळ दोन मिनिटं बसलं की काय काय कळतं. एकांनी अंथरूण ओलं केलेलं असतं आणि उठल्यावर ते दिसेल म्हणून ते पांघरूण सोडत नाहीत. एकींचं श्रवणयंत्र ड्रॉवरमध्ये असतं आणि मी काय विचारलं हेच त्यांना कळलेलं नसतं. कुणी रात्रभर शेजारच्या मॉनिटरच्या आवाजाने जागं असतं. कुणाचा गाऊन मागून उघडा, आणि अशा वेषात कॉरिडॉरमधून चालायचं म्हणजे मरण. (ब्रिटनमध्ये रुग्णांना रुग्णालयाच्या कपड्यांतून बाहेर काढून स्वतःच्या कपड्यांत वावरू द्यावं म्हणून 'एण्ड पीजे पॅरालिसिस' (म्हणजे 'पायजम्यातला लुळेपणा संपवा') नावाची चळवळ उभी राहिली, २०१८ साली तिची सत्तर दिवसांची मोहीमही झाली. कपड्यांचा आणि पायांच्या ताकदीचा संबंध ज्याने वॉर्डात काम केलंय त्याला समजावून सांगावा लागत नाही.) या सगळ्यांना आपण एकच शिक्का मारतो, आणि दोष रुग्णाच्या पदरात टाकून पुढच्या पलंगाकडे जातो. खरं कारण लिहिलं असतं तर त्यातली निम्मी कारणं दुपारपर्यंत दूर करता आली असती.

आणखी एक कारण कधीच लिहिलं जात नाही: दुसरा माणूस नव्हता. माणूस उचलण्याला मर्यादा असते. कामगारांच्या सुरक्षेचा विचार करणाऱ्या अमेरिकी संस्थेशी जोडलेल्या तज्ज्ञांनी ती, सगळी परिस्थिती अनुकूल असताना, सुमारे १६ किलो धरली आहे. एखाद्या वजनदार माणसाचा एक पायच तेवढा भरू शकतो. त्यामुळे ज्या रुग्णाला उठवायला दोघं लागतात तो यादीत आपोआप खाली सरकतो. सकाळी हातात चौदा नावं असतात आणि मी एकटी असते, तेव्हा मी आधी अशांकडे जाते जे जवळजवळ आपले आपणच चालतील. संध्याकाळी संख्या चांगली दिसते. ज्यांना माझी सगळ्यात जास्त गरज होती ते त्या संख्येत नसतात. म्हणूनच नुसतं 'किती जणांना चालवलं' हे मोजून भागणार नाही. कोण राहिलं आणि का, हेच मोजायला हवं.

अधिकाराचा प्रश्न राहतो. फिजिओथेरपिस्टनी तपासायचं, ठरवायचं, बदल करायचा. असिस्टंटने ठरलेलं करायचं. ही विभागणी योग्य आहे आणि मला ती मोडायची नाही. त्यांचं शिक्षण माझ्यापेक्षा खूप मोठं आहे, आणि स्वस्तात पडतात म्हणून त्यांच्या जागी असिस्टंट भरण्याला माझा विरोधच आहे. पण या व्यवसायाचा इतिहास पाहिला तर प्रत्येक पायरीवर 'यांना लिहिता येईल का, ठरवता येईल का' हा वाद झालेला दिसतो. १८९४ साली ब्रिटनमध्ये चार परिचारिकांनी मसाज करणाऱ्यांची संघटना काढली, त्यातूनच पुढे तिथल्या फिजिओथेरपिस्टांची संस्था उभी राहिली. डॉक्टरांच्या आज्ञेने अंग चोळणाऱ्या बायका ते स्वतः निदान मांडणारे व्यावसायिक, हा प्रवास सहज झालेला नाही. अमेरिकेत असिस्टंटसाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्याची पहिली तुकडी १९६९ साली बाहेर पडली. कित्येक ठिकाणी मात्र आजही असिस्टंट म्हणजे 'बघून बघून शिकलेला मदतनीस', आणि त्याच्या निरीक्षणाला फाइलमध्ये जागा नाही.

त्या जागेअभावी काय होतं? एका काकांना मी सलग तीन दिवस चालवत होते. पहिल्या दिवसापासून ते चालताना एकसारखे बोलत. चौथ्या दिवशी ते पलंगाच्या कडेला बसले आणि गप्प राहिले. विचारलं तर म्हणाले, "ठीक आहे." नाडी फार वाढलेली नव्हती, ताप नव्हता. मी त्यांना उभं केलं नाही. परत आडवं केलं, सिस्टरना बोलावलं. बोटाला यंत्र लावल्यावर ऑक्सिजन उतरलेला दिसला आणि पुढे न्यूमोनियाचे उपचार सुरू झाले. त्या दिवशीची माझ्या कामाची नोंद काय होती? 'फिजिओ: झाले नाही.' मी काय पाहिलं आणि का थांबले, हे लिहायला रकाना नव्हता. दुपारी एका वरिष्ठांनी विचारलं की अमुक नंबरच्या पलंगाचं चालणं का राहिलं. मी तोंडी सांगितलं. ते तिथेच विरलं.

तोंडी सांगितलेलं पाळी बदलली की संपतं, म्हणून माझा भर लिहिण्यावर आहे. आधीच कागदांनी पिचलेल्या सिस्टरांवर आणखी एक फॉर्म लादा असं मी म्हणत नाही. औषधांच्या तक्त्याखाली दोन ओळी पुरतात. सकाळ, दुपार, संध्याकाळ. दिलं तर किती पावलं आणि शेवटी रुग्ण कुठे बसला, म्हणजे न चालवता बरोबरची खूण करणं कठीण जाईल. नाही दिलं तर का: दुखत होतं, थांबवलं, दुसरा माणूस नव्हता, माणूसच नव्हता. सही ज्याने केलं किंवा करू शकला नाही त्याची.

आमच्या एका वॉर्डात तिथल्या मोठ्या सिस्टरनी एवढं करून पाहायला परवानगी दिली. पहिल्या शनिवार-रविवारनंतर सोमवारच्या राऊंडला डॉक्टरांनी तक्ता उघडला. खालच्या ओळीत पलंगामागून पलंग एकच कारण होतं: माणूस नव्हता. त्यांनी दोन-तीन फाइली पुढे-मागे करून पाहिल्या, मग त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे दर आठवड्याला असंच असतं?" सिस्टर म्हणाल्या, "हो सर. आधी लिहीत नव्हतो."

दीड महिन्याने शनिवारी सकाळी एक असिस्टंट यायला लागली. रविवारचे चौकोन अजून तसेच आहेत, पण त्यांत आता कारण लिहिलेलं असतं.